गंगेपलीकडचे रामनगर

काशीला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूचा क्रम बहुधा ठरलेला असतो. दशाश्वमेध किंवा पंचगंगा घाटावर स्नान, विश्वनाथाचे व अन्नपूर्णेचे दर्शन, कालभैरवाला नमस्कार आणि गंगाजलाने भरलेले भांडे घेऊन परतीची वाट. काशीचा पश्चिम तीर मराठी माणसाला परका वाटत नाही. अहिल्याबाई होळकरांनी इ. स. १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले. पेशव्यांनी आणि शिंद्यांनी येथे घाट बांधले. झाशीची राणी लक्ष्मीबाई याच नगरीत जन्मली. पूर्व तीराकडे मात्र यात्रेकरू सहसा वळत नाहीत. अस्सी घाटावर उभे राहून नदीच्या वरच्या अंगाला दृष्टी टाकली, तर पलीकडच्या काठावर फिकट पिवळसर दगडाची एक भव्य वास्तू दिसते. तिच्या भिंती थेट पाण्यातून वर आल्यासारख्या वाटतात. हा रामनगरचा किल्ला. बनारस संस्थानाच्या राजांचे हे निवासस्थान होते आणि त्यांच्या राज्याचे मुख्य ठाणेही हेच होते.

राज्यकारभाराच्या इमारतीशी सामान्य माणसाचा संबंध एरवी कामापुरताच येतो. तहसील कचेरीत सातबाराचा उतारा मिळवायचा असतो, न्यायालयात तारीख असते, एखाद्या खिडकीसमोर रांग लावायची असते. छत इतके उंच का बांधले, अधिकाऱ्याची बैठक चौथऱ्यावर का असते, अर्जदाराला कोठून कोठवर येऊ देतात, याकडे पाहायला त्या वेळी सवड नसते. जुन्या राजवाड्यात आपण अर्ज न घेता जातो. तिकीट काढून, हात मोकळे ठेवून आत शिरतो. त्यामुळे सत्ता आपले घर कसे बांधते हे तेथे निवांतपणे न्याहाळता येते. अशा दृष्टीने पाहण्यासारख्या ज्या वास्तू आपल्या देशात आहेत, त्यांत रामनगरच्या किल्ल्याचा समावेश करावा लागेल.

काशीचा राजा काशीत न राहता नदीपलीकडे का राहतो, हा पहिला प्रश्न. याचे एक उत्तर श्रद्धेने दिले आहे आणि दुसरे इतिहासाने. काशीचा खरा राजा विश्वनाथ, राजा हा केवळ त्याचा प्रतिनिधी, अशी लोकांची भावना आहे. म्हणूनच काशीनरेशांची स्वारी दिसताच लोक त्यांच्या नावाचा जयजयकार न करता ‘हर हर महादेव’ असा घोष करतात. पूर्व तीराला व्यासकाशी असेही म्हणतात. भिक्षा न मिळाल्याने रागावलेल्या व्यासांनी काशीला शाप दिला, तेव्हा शंकरांनी त्यांना नगरीबाहेर घालवले आणि ते गंगेपलीकडे येऊन राहिले, अशी पुराणकथा आहे. किल्ल्याच्या आवारात वेदव्यासांचे मंदिर आहे ते याच कथेमुळे. काशीत मरण आले तर मुक्ती, पण या काठावर आले तर गाढवाचा जन्म, असा एक समजही पूर्वी होता. राजघराण्याने याच काठावर पिढ्यान्‌पिढ्या संसार केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

इतिहासाचे उत्तर अधिक व्यवहारी आहे. अठराव्या शतकात हा प्रदेश अयोध्येच्या म्हणजे अवधच्या नवाबाच्या सत्तेखाली होता. काशीपासून जवळच असलेल्या गंगापूर येथील मनसाराम या जमीनदाराने नवाबाच्या वतीने वसुलीचे अधिकार मिळवले. त्याचा मुलगा बलवंतसिंह याने राजा ही पदवी मिळवून आपली सत्ता हळूहळू वाढवली. असा मांडलिक आपल्या धन्यापासून जेवढा दूर, तेवढा सुरक्षित. नवाबाची फौज पश्चिमेकडून आली, तर मध्ये गंगेचे पात्र असावे, हा हिशेब उघड होता. इ. स. १७५० च्या सुमारास बलवंतसिंहाने रामनगरचा किल्ला बांधला. चुनार येथील खाणींतला वालुकाश्म त्यासाठी वापरला. चुनार गंगेच्याच काठी, नदीच्या वरच्या बाजूला असल्याने तेथील दगड नावांनी खाली आणणे सोयीचे. सारनाथच्या ज्या स्तंभशीर्षावरून आपली राजमुद्रा घेतली आहे, तेही चुनारच्याच दगडाचे आहे. हा दगड कोरायला सुकर असतो आणि ऊन-पाऊस सोसूनही त्याची झिलई बराच काळ टिकते.

किल्ला पुराच्या पातळीच्या वर, उंच जागेवर आहे. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा तटाखाली वाळू उघडी पडते. पावसाळ्यात तेच पाणी पायऱ्या गिळत भिंतीला भिडते. नदीकडून पाहणाऱ्याला तो पक्का लढाऊ किल्ला वाटतो. गावाच्या बाजूच्या मोठ्या दरवाजातून आत गेले की चित्र बदलते. मोकळी चौकोनी अंगणे, नक्षीदार सज्जे, कमानी, मंडप असा हा मोगल वळणाचा राजवाडा आहे. एका बाजूला राजघराण्याचे निवासस्थान आहे आणि दुसऱ्या बाजूला दरबाराचा भाग. येणाऱ्याने आधी चौक ओलांडावा, मग पायऱ्या चढाव्यात, मग कमानीखालून जावे आणि तेव्हा कोठे राजाच्या समोर उभे राहावे, अशी ही रचना आहे. चौकात थांबलेल्या शेतकऱ्याला वरच्या सज्जातील माणूस दिसतो, पण त्याचे बोलणे ऐकू येत नाही. हे अंतर गवंड्याच्या चुकीने पडलेले नाही.

पण या घराण्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा प्रसंग घडला, तेव्हा राजा दरबारात नव्हता. तो प्रसंग समजून घेतल्याशिवाय किल्ल्याच्या भिंतींकडे पाहणे अपुरे राहते. इ. स. १७७० मध्ये बलवंतसिंहानंतर चेतसिंह गादीवर आला. इ. स. १७७५ मध्ये अवधच्या नवाबाने बनारसचा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. राजाचा धनी बदलला. कंपनीला दरवर्षी साडेबावीस लाखांहून थोडी अधिक रक्कम द्यावी, म्हणजे आणखी काही मागितले जाणार नाही, असे ठरले. पुढे कंपनीचा खर्च वाढत गेला. पुण्याच्या कारभाऱ्यांशी तिचे युद्ध चालू होते, दक्षिणेत हैदरअली उभा ठाकला होता, फ्रेंचांशीही लढाई सुरू झाली होती. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने इ. स. १७७८ मध्ये चेतसिंहाकडे ठरलेल्या खंडणीवर आणखी पाच लाख मागितले. पुढच्या वर्षी पुन्हा मागितले आणि त्याच्या पुढच्या वर्षीही मागितले. नंतर दोन हजार घोडेस्वारांची मागणी आली. सह्याद्रीच्या पायथ्याशी चाललेल्या युद्धाचा खर्च अशा रीतीने गंगाकाठच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचला.

राजाने टाळाटाळ केली. तेव्हा त्याच्यावर चाळीस-पन्नास लाखांचा दंड बसवायचे ठरवून हेस्टिंग्ज ऑगस्ट १७८१ मध्ये स्वतः बनारसला आला. १६ ऑगस्टला त्याने चेतसिंहाला काशीतील शिवाला घाटावरच्या वाड्यात कैद केले. पहाऱ्यावर शिपायांच्या दोन तुकड्या ठेवल्या, पण त्यांच्याजवळ दारूगोळा नव्हता. ही बातमी पलीकडच्या तीरावर पोहोचताच रामनगरहून सशस्त्र माणसे नदी ओलांडून आली. झालेल्या झटापटीत तीन इंग्रज अधिकारी आणि बहुतेक शिपाई मारले गेले. त्या गोंधळात चेतसिंह एकमेकींना बांधलेल्या पागोट्यांच्या आधाराने खिडकीतून खाली उतरला आणि होडीने गंगा ओलांडून रामनगरला आला. चार दिवसांनी कंपनीच्या एका तुकडीने रामनगरवर हल्ला केला. गावातील अरुंद गल्ल्यांत ती सापडली आणि तिचा नायकही मारला गेला. आज किल्ल्याकडे जाताना बाजाराच्या ज्या दाटीबद्दल प्रवासी कुरकुर करतात, तशाच दाटीने त्या दिवशी किल्ल्याचे रक्षण केले. हेस्टिंग्जला रातोरात चुनारच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. त्याच्या या पळापळीची थट्टा करणारी लोकगीते बनारसमध्ये पुढे अनेक वर्षे म्हटली जात होती.

हा विजय फार दिवस टिकला नाही. कंपनीची कुमक येताच चेतसिंह माघार घेत विजयगढच्या किल्ल्याकडे आणि तेथून पुढे बुंदेलखंडात गेला. अखेरीस तो ग्वाल्हेरला शिंद्यांच्या आश्रयाला आला. पुन्हा त्याला गंगा दिसली नाही. इ. स. १८१० मध्ये ग्वाल्हेरलाच त्याचा अंत झाला. विजयगढ पडला तेव्हा तेथे सुमारे तेवीस लाखांचा खजिना सापडला, पण तो कंपनीच्या सैनिकांनी आपसांतच वाटून घेतला. ज्या पैशासाठी हेस्टिंग्जने हा खटाटोप केला, तो त्याच्या तिजोरीत आलाच नाही. बलवंतसिंहाच्या मुलीचा मुलगा महीपनारायणसिंह याला गादीवर बसवण्यात आले आणि खंडणी चाळीस लाखांवर गेली. ही रक्कम कोणाच्या कणगीतून निघाली असेल, हे सांगायला नको. तीनच वर्षांनी, इ. स. १७८४ मध्ये, याच प्रदेशातून जाताना हेस्टिंग्जला उजाड गावे दिसली आणि त्याने ते लिहूनही ठेवले. पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटात त्याच्यावर महाभियोग चालला. बनारसच्या राजाला दिलेली वागणूक हा त्यातील एक प्रमुख आरोप होता. इ. स. १७८८ पासून सात वर्षे चाललेल्या या खटल्यात तो निर्दोष सुटला.

महीपनारायणसिंहाच्या काळातच कारभाराचे बहुतेक अधिकार कंपनीने काढून घेतले. राजाकडे काही कौटुंबिक मुलूख तेवढा राहिला. इ. स. १९११ मध्ये ब्रिटिश सरकारने भदोही व चकिया या भागांचे आणि रामनगरचे मिळून स्वतंत्र बनारस संस्थान निर्माण केले. संस्थान म्हणजे इंग्रजांचे सार्वभौमत्व मान्य करून अंतर्गत कारभार पाहणारे देशी राज्य. कोल्हापूर, सांगली, औंध ही आपल्याकडील संस्थाने अशीच होती. मौज अशी, की बनारस संस्थानात खुद्द बनारस शहर नव्हते. ते ब्रिटिश मुलुखातच राहिले. राजा नदीच्या या काठावरून आपल्या नावाचे शहर पाहत असे. स्वातंत्र्यानंतर, इ. स. १९४९ मध्ये, महाराज विभूतिनारायणसिंह यांचे हे संस्थान संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, विलीन झाले. इ. स. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने देशातील सर्व राजांच्या पदव्या आणि तनखे रद्द झाले. विभूतिनारायणसिंह संस्कृताचे व्यासंगी होते. त्यांनी काशिराज न्यासातर्फे पुराणांच्या संशोधित आवृत्त्या काढवल्या. इ. स. २००० मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत आणि त्यानंतरही काशीतील लोक ‘काशीनरेश’ हाच शब्द वापरत आले. कायद्याने गेलेली पदवी बोलण्यातून जायला वेळ लागतो.

तेव्हा प्रवासी आज जेथे जातो, ती वास्तू शासकीय कचेरी नाही. माजी राजघराण्याचे ते घर आहे. त्यातील काही भागच लोकांना पाहण्यासाठी खुला असतो. घरातील मंडळी मुक्कामाला असली की किल्ल्यावर निशाण चढते. यामुळे पाहुण्यावर थोडी अधिक जबाबदारी येते. बंद दारे ढकलून पाहू नयेत. छायाचित्रे कोठे घेता येतात आणि कोठे नाहीत, हे फलकावर वाचावे किंवा पहारेकऱ्याला विचारावे. भिंतीवर नाव कोरणाऱ्यांची जमात सर्वत्र आहे. चुनारचा दगड मऊ असल्याने तिचे येथे विशेष फावते.

दरबाराच्या भागात आता संग्रहालय आहे. येथे पालख्या आहेत, मेणे आहेत, हत्तीवरचे हौदे आहेत, हस्तिदंती कोरीवकाम आहे. तलवारी, ठासणीच्या बंदुका आणि जुन्या परदेशी मोटारीही आहेत. मांडणी सुबक आहे असे म्हणता येणार नाही. अनेक वस्तूंवर धूळ असते, काही वस्तूंजवळची माहिती त्रोटक असते आणि कापडी वस्तूंना दमट हवेने ग्रासले आहे. नदीकाठचा ओलावा लाकूड, कापड आणि कागद यांचा शत्रूच. एवढा मोठा संग्रह राखणे हे तनखा नसलेल्या घराला जड जाते, पण ज्या वस्तूंसाठी रयतेने पैसा मोजला त्या अशा झिजत जाव्यात, हेही बरे वाटत नाही. संग्रहातील एका घड्याळाजवळ मात्र अवश्य थांबावे. ते केवळ तास-मिनिटे दाखवण्यासाठी बनवलेले नाही. वर्ष, महिना व वार यांबरोबरच सूर्य, चंद्र आणि नक्षत्रे यांची स्थिती दाखवण्याचीही त्यात योजना आहे. पश्चिमेकडील यंत्रविद्या आणि आपले पंचांग यांचा असा मेळ जेथे घातला गेला, त्या दरबाराला दोन्हींची ओढ होती.

पालख्या आणि हौदे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. येथे बसणाऱ्याची जागा जतन झाली आहे. वाहणाऱ्यांच्या खांद्यांची आठवण म्हणून केवळ दांडीचे गुळगुळीत झालेले लाकूड उरते.

राज्य गेले, अधिकार गेले, तरी या वास्तूचे एक काम थांबलेले नाही. भाद्रपदात अनंत चतुर्दशीला रामनगरची रामलीला सुरू होते आणि सुमारे एक महिना चालते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराज उदितनारायणसिंह यांच्या काळी तिची परंपरा रुजली. त्यांच्यानंतरचे महाराज ईश्वरीप्रसादनारायणसिंह यांनी विद्वानांच्या साहाय्याने तिला आजचे रूप दिले. या खेळाला एकच रंगमंच नसतो. अयोध्या, जनकपूर, अशोकवाटिका, लंका अशी ठिकाणे रामनगरच्या गावात आणि शिवारात कायमची नेमलेली आहेत. प्रसंग बदलला की नटांबरोबर हजारो प्रेक्षकही चालू लागतात. ध्वनिक्षेपक नाही, विजेचे झगमगीत दिवे नाहीत. गॅसबत्त्या आणि मशाली यांच्या उजेडात खेळ होतो. संवादापूर्वी शांत राहण्याची हाक दिली जाते आणि एवढा मोठा समुदाय खरोखर शांत होतो. इ. स. २००८ मध्ये युनेस्कोने रामलीलेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला, त्यात रामनगरच्या रामलीलेला मानाचे स्थान आहे.

काशीनरेश हत्तीवरून किंवा बग्गीतून येऊन मागे, काही अंतरावर थांबतात. राम समोर असताना राजाने पुढे जायचे नसते. विजयादशमीला ते लंकेपर्यंत येतात, पण रावणवध पाहायला थांबत नाहीत. एका राजाने दुसऱ्या राजाचा मृत्यू पाहू नये, असा संकेत त्यामागे सांगितला जातो. रामलीलेच्या अखेरीस ‘कोट विदाई’ असते. कोट म्हणजे किल्ला. राम, सीता आणि बंधू यांची भूमिका करणाऱ्या मुलांना त्या दिवशी किल्ल्यात आणले जाते. राजा स्वतः त्यांचे पाय धुतो आणि त्यांना जेवू घालतो. एरवी इतर माणसे ज्या चौकात ताटकळत उभी राहत, तेथे गावातील साधी मुले आसनावर बसतात आणि किल्ल्याचा धनी त्यांच्यापुढे वाकतो. किल्ला कोणत्या दिवशी पाहावा असे विचारले, तर याच दिवसाचे नाव घ्यावे लागेल. अर्थात त्या दिवशी आत शिरायला जागा मिळेलच असे नाही.

रामनगरला पोहोचणे आता कठीण राहिलेले नाही. पूर्वी पावसाळा संपला की गंगेवर पिंपांचा तरंगता पूल टाकत. पुराच्या दिवसांत तो काढून घेतला की होडीशिवाय उपाय नसे. इ. स. २०१७ पासून सामनेघाटाजवळून पक्का पूल झाला आहे आणि काशी हिंदू विश्वविद्यालयाकडून रिक्षाने थोड्या वेळात किल्ल्यापाशी जाता येते. तरी येताना एकदा होडीने यावे. इतिहासातील माणसे याच वाटेने आली-गेली. परतीच्या आधी बाजारात मातीच्या कुल्हडमधली, वर रबडी घातलेली लस्सी घ्यायला हरकत नाही. रामनगरची ती खासियत आहे.

आणखी एक इमारत पाहायची राहते. याच गावातील एका गल्लीत लालबहादूर शास्त्री यांचे वडिलोपार्जित घर आहे. शास्त्रीजींचा जन्म २ ऑक्टोबर १९०४ रोजी जवळच्या मुगलसराय येथे झाला. वडील लवकर वारल्याने बालपण ओढगस्तीत गेले. नावेचे पैसे नसल्याने ते गंगा पोहून शाळेला जात, अशी आठवण सांगितली जाते. किल्ल्याजवळचे पात्र पाहिले की ती खरी असो वा वाढवलेली, छाती दडपते. हे घर उत्तर प्रदेश शासनाने ताब्यात घेऊन जतन केले आणि इ. स. २०१८ मध्ये संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुले केले. म्हणजे रामनगरमधील जी वास्तू एका राज्याचे ठाणे होती ती आज खासगी घर आहे, आणि जे एका गरीब कुटुंबाचे घर होते ते आज शासनाची इमारत आहे.

किल्ल्यातील मोटारी पाहून आलेल्या प्रवाशाने येथे एक गोष्ट आठवावी. पंतप्रधान असताना शास्त्रीजींनी घरासाठी एक फियाट मोटार घेतली, तीही बँकेकडून पाच हजार रुपयांचे कर्ज काढून. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला त्यांचे निधन झाले, तेव्हा कर्ज फिटलेले नव्हते. ते ललितादेवी शास्त्री यांनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती मोटार रामनगरला नाही. दिल्लीतील त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे.